लागणे, भरणे, लावणे : घरगुती श्रवणसाधनांच्या हाताळणीचा इतिहास
(विशेष संदर्भ : मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर परिसर)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ध्वनिप्रसारणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते केंद्र केव्हा सुरू झाले, कोणते कार्यक्रम लोकप्रिय झाले, कोणत्या कंपनीने ध्वनिमुद्रिका काढल्या, याची नोंद बऱ्यापैकी उपलब्ध आहे. परंतु ज्या घरात ते साधन ठेवले होते, त्या घरात ते कोण सुरू करीत असे, त्याची सुई कोण फिरवीत असे आणि एखादे गाणे पुन्हा ऐकण्याची मुभा कोणाला होती, हे प्रश्न इतिहासलेखनाच्या कक्षेत क्वचितच येतात. साधनाची हाताळणी ही क्षुल्लक बाब समजली जाते. वास्तविक श्रोत्याच्या हाती नेमकी किती सत्ता होती, याचे उत्तर या हाताळणीतच मिळते.

या दृष्टीने मराठी भाषेने स्वतःच एक महत्त्वाचा पुरावा जपून ठेवला आहे. रेडिओ ‘लावला’ जातो. परंतु रेडिओवर गाणे ‘लागते’. स्टेशनही ‘लागते’ किंवा ‘लागत नाही’. येथे कर्ता श्रोता नसतो; श्रोत्याने यंत्र सुरू करावयाचे आणि पुढे जे येईल ते ऐकावयाचे, असा या क्रियापदाचा आशय आहे. टेपरेकॉर्डर आल्यावर दुसरे क्रियापद रूढ झाले. कॅसेट ‘भरली’ जाऊ लागली. सीडी प्लेअर आला तेव्हा गाणे ‘लागणे’ आणि कॅसेट ‘भरणे’ या दोहोंच्या जागी गाणे ‘लावणे’ हीच मुख्य क्रिया उरली. लागणे, भरणे आणि लावणे या तीन क्रियापदांच्या आधारे घरगुती श्रवणाच्या सुमारे पाऊणशे वर्षांच्या वाटचालीचा वेध घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. रेडिओ आणि सीडी प्लेअर एकाच पेटीत असलेला, हातात धरून नेता येण्याजोगा संच हा या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा असल्याने विवेचनाचा रोख त्याच्याकडे राहील.

व्याप्ती आणि प्रदेश

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील एक लहान नगरपरिषदेचे गाव आहे. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण म्हणून संस्थानकाळात त्याला महत्त्व होते. पन्हाळ्यावरून पश्चिमेस जाणारा रस्ता मलकापूर ओलांडून आंबा घाटाने कोकणात उतरतो. सभोवती सह्याद्रीच्या रांगा, मुसळधार पाऊस आणि डोंगरकपारीत विखुरलेल्या वाड्या-वस्त्या हे या परिसराचे स्वरूप आहे. शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत कामासाठी जाण्याची परंपराही जुनी आहे. त्यामुळे घरात येणाऱ्या नव्या वस्तूंची एक वाट कोल्हापूरच्या बाजारपेठेतून, तर दुसरी मुंबईहून सुट्टीला येणाऱ्यांच्या सामानातून जात होती. डोंगर, पाऊस, वीज आणि स्थलांतर या चारही घटकांचा श्रवणसाधनांच्या वापराशी थेट संबंध येत असल्याने हा परिसर संदर्भक्षेत्र म्हणून उपयुक्त ठरतो.

परवान्याचा काळ

भारतात नियमित प्रसारणाचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राने झाला. तत्पूर्वी १९२३ पासून मुंबईच्या रेडिओ क्लबचे हौशी प्रसारण सुरू होते. ही कंपनी अवघ्या तीन वर्षांत, १ मार्च १९३० रोजी दिवाळखोरीत निघाली आणि १ एप्रिल १९३० पासून प्रसारण सरकारच्या हाती गेले. ८ जून १९३६ रोजी या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

या काळात रेडिओ बाळगणे हीच मुळात परवानगीची बाब होती. प्रत्येक संचासाठी वर्षाला १० रुपये परवाना शुल्क द्यावे लागे. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याविना रेडिओसंच जवळ ठेवणे हा गुन्हा ठरविला. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मलकापूरचा परिसरही याच एकसूत्री व्यवस्थेखाली आला. पोस्टात जाऊन शुल्क भरावयाचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यावयाचा, ही पद्धत त्यानंतर अनेक वर्षे चालू राहिली. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती पूर्णपणे संपुष्टात आली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ चार दशके घरातील रेडिओ हा बैलगाडी किंवा सायकलीप्रमाणे सरकारदप्तरी नोंदलेला ऐवज होता.

परवाना कुटुंबप्रमुखाच्या नावे असे आणि संचही बहुधा त्याच्याच देखरेखीखाली असे. व्हॉल्व्हचा रेडिओ आकाराने मोठा, किमतीने महाग आणि हाताळणीस नाजूक. बटन फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. छपरावर किंवा आढ्यालगत तार ताणून एरियल बांधावी लागे. जेथे वीज नाही तेथे जड बॅटरीची सोय करावी लागे. कोल्हापूर भागातील घरांत अशा वस्तूची जागा सोप्यात, भिंतीतल्या फळीवर किंवा कोनाड्यात, वर विणलेला रुमाल घालून ठरलेली असे. सोपा ही पुरुषांच्या उठबसेची जागा. माजघरात आणि चुलीपाशी असणाऱ्या स्त्रियांपर्यंत आवाज पोहोचे, परंतु बटन मात्र त्यांच्या हातापासून दूर राहत असे. रेडिओ घरात असणे आणि रेडिओ आपल्या हातात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान या मांडणीतून येते.

सामूहिक श्रवणाचा प्रयोग

स्वातंत्र्याच्या वेळी फाळणीनंतरच्या भारतात ऑल इंडिया रेडिओची केवळ सहा केंद्रे होती. खासगी मालकीचा रेडिओ खेड्यात दुर्मीळ असल्याने सामूहिक श्रवणाचा विचार पुढे आला. या संदर्भात १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने झालेला शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. पुणे केंद्रावरून झालेल्या या प्रयोगासाठी त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच मराठीभाषक जिल्हे निवडण्यात आले होते. सुमारे दीडशे गावांत सुमारे वीस-वीस सभासदांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक याप्रमाणे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम प्रसारित झाले. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि मंडळाने आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे, अशी पद्धत होती. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त लिहिला असून तो युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. ज्या गावांत केवळ रेडिओ होता त्यांच्यापेक्षा जेथे श्रोतामंडळ होते तेथील ग्रामस्थांच्या माहितीत ठळक वाढ झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. हाताळणीच्या इतिहासाच्या दृष्टीने हा निष्कर्ष बोलका आहे. यंत्र समोर असणे पुरेसे नसते; त्या यंत्राशी श्रोत्याचे काही उलट बोलणे झाले तरच श्रवण फलदायी होते. रेडिओवर गाणे वा भाषण ‘लागत’ होते हे खरे. परंतु श्रोतामंडळाने त्या एकतर्फी व्यवहाराला काही काळ तरी दुतर्फी केले.

सुईची सत्ता

श्रोत्याला कार्यक्रम निवडता येत नसला तरी केंद्र बदलता येत होते. ही सत्ता अल्प वाटली तरी तिचे परिणाम मोठे झाले. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरील चित्रपटसंगीतावर मर्यादा आल्या. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’चा प्रारंभ झाला. देशभरातील श्रोत्यांनी सुई लघुलहरीच्या पट्ट्यावर नेली. खरखर आणि कमीजास्त होणारा आवाज सहन करून परदेशातील केंद्र ऐकणे त्यांनी पसंत केले. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिराती प्रसारित होऊ लागल्या. एका सरकारी धोरणात बदल घडवून आणण्यास घराघरांतील सुई कारणीभूत ठरली, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

मात्र ‘लागण्या’चे एक वेगळे मोलही होते. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राने १९५५ च्या रामनवमीपासून, म्हणजे १ एप्रिलपासून, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित केले. त्यातील ५६ गीते श्रोत्यांना आठवड्यामागून आठवडा थांबून ऐकावी लागली. कार्यक्रमाच्या वेळी रेडिओसमोर बसणे, काही घरांत संचाला हार घालणे, हे वर्तन ‘पुन्हा लावता येत नाही’ या जाणिवेतून निर्माण झाले होते. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुणे केंद्रावरून येणाऱ्या प्रादेशिक बातम्या आणि सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांचा आवाज हे पुढे अनेक घरांत घड्याळाचे काम करू लागले. एकाच क्षणी गावातील अनेक घरांत एकच आवाज असे. हा समान काळ श्रोत्याने निवडलेला नव्हता. पण तो सर्वांचा होता.

सोप्यातून गोठ्यापर्यंत

१९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. भारतात १९६० च्या दशकात त्याचा प्रसार होऊ लागला. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले, ही दक्षिण महाराष्ट्राच्या दृष्टीने याच काळातील महत्त्वाची घटना होय. मध्यमलहरी जमिनीच्या पृष्ठभागाला धरून दूरवर जातात. त्यामुळे मध्ये डोंगर असला तरी काही अंशी त्या पलीकडे पोहोचतात. शाहूवाडीसारख्या प्रदेशात या गुणधर्माला विशेष मोल होते.

ट्रान्झिस्टरने घडवलेला बदल केवळ आकाराचा नव्हता. सेलवर चालणारा, खांद्याला अडकवता येणारा हा संच सोप्याच्या फळीवरून उतरला आणि चुलीपाशी, गोठ्यात, शेताच्या बांधावर आणि गुराख्याच्या हाती पोहोचला. वीज न पोहोचलेल्या वाडीतही तो बोलू लागला. त्याची हाताळणी शिकण्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती. एक चकती आवाजाची, दुसरी स्टेशनची. सुई कोठे थांबवायची हे बोटांना आणि कानांना ठाऊक होई. सिग्नल क्षीण असेल तर संच आडवा-उभा फिरवून दिशा साधावयाची, सेल उतरले तर ते उन्हात ठेवून आणखी काही दिवस काढावयाचे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेतून आलेले नव्हते. दुपारच्या ‘वनिता मंडळा’सारख्या कार्यक्रमांचा श्रोतृवर्ग आणि संच हाताळणारा हात हे दोन्ही प्रथमच एका व्यक्तीत एकत्र आले. स्त्रिया, वृद्ध आणि निरक्षर श्रोते यांच्या दृष्टीने ट्रान्झिस्टर हे सर्वांत उदार साधन ठरले, असे मत नोंदविता येते.

‘भरणे’ : श्रोता निर्माता होतो

फिलिप्स कंपनीने १९६३ साली लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. टी-सीरीज, व्हीनस आदी कंपन्यांच्या स्वस्त कॅसेट्समुळे एचएमव्हीची दीर्घकालीन मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविलेले संगीतनिर्मितीचे विकेंद्रीकरण महाराष्ट्रातही दिसून येते. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीते, आंबेडकरी जलशांच्या परंपरेतील गाणी आणि गावोगावची भजने कॅसेटमुळे दूरवर पोहोचली. आकाशवाणीच्या निवड समितीची मान्यता त्यांना आवश्यक राहिली नाही.

तथापि घरगुती हाताळणीच्या दृष्टीने कॅसेटची महत्त्वाची देणगी विकत मिळणाऱ्या गाण्यांत नव्हती. ‘टू-इन-वन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेडिओ-टेपरेकॉर्डर संचावर एक लाल खूण असलेले बटन होते. ते ‘प्ले’च्या बटनासोबत दाबले की रेडिओवर ‘लागलेले’ गाणे कॅसेटवर ‘भरले’ जाई. संचातील छोट्या मायक्रोफोनमधून घरातला आवाजही भरता येई. आजीच्या ओव्या, बारशाचे पाळणे, भजनी मंडळाची एकादशी, लहान मुलाचे बोबडे बोल हे सारे ६० किंवा ९० मिनिटांच्या फितीवर उतरू लागले. प्रसारणाच्या इतिहासात प्रथमच श्रोता आवाजाचा निर्माता आणि संग्राहक झाला. बाजारात आवडीच्या गाण्यांची यादी देऊन ‘कॅसेट भरून घेण्या’ची सोयही निर्माण झाली. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने हा व्यवहार आक्षेपार्ह होता, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

अशा घरगुती ध्वनिमुद्रणाचे सांस्कृतिक मूल्य किती असू शकते, याची कल्पना पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावरून येते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात गोळा झाल्या आणि त्यांपैकी काही गायिकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. विजेच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि ओवीचे नैसर्गिक निमित्त नाहीसे झाले. संशोधक ज्या घरांपर्यंत पोहोचू शकले नाहीत, तेथील ओवी टिकण्याची शक्यता त्या घरातील टेपरेकॉर्डरवरच अवलंबून होती.

‘लावणे’ : तबकडी आणि रेडिओ एका पेटीत

फिलिप्स आणि सोनी यांनी संयुक्तपणे विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. १९८४ साली सोनीने हातात मावणारा पहिला सीडी प्लेअर आणला. भारतीय मध्यमवर्गीय घरांत या तबकडीचा प्रवेश १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि विशेषतः २००० नंतर झाला. वर उघडणारे झाकण, दोन बाजूंना ध्वनिक्षेपक, मूठ आणि काढघाल करता येणारी एरियल असलेला रेडिओ-सीडी संच याच काळात निमशहरी बाजारपेठेत दिसू लागला. आरंभीच्या अनेक संचांत कॅसेटचा कप्पाही होता. पुढे तो वगळून संच आटोपशीर करण्यात आला.

या तबकडीचे तंत्र समजून घेतल्याशिवाय तिच्या हाताळणीतील अडचणी ध्यानात येत नाहीत. १२० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर आवाज सूक्ष्म खळग्यांच्या सर्पिल रांगेत साठविलेला असतो. दर सेकंदाला ४४,१०० नमुने या प्रमाणात घेतलेला हा आवाज ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसर किरणाने वाचला जातो. ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाई. येथे वाचन मध्याकडून कडेकडे होते. वाचनाचा वेग कायम राखण्यासाठी तबकडी आरंभी मिनिटाला सुमारे ५०० आणि शेवटी सुमारे २०० फेरे घेते. बारीक ओरखड्यांमुळे गमावलेली माहिती भरून काढण्याची गणिती व्यवस्था यंत्रात असते. परंतु ओरखडा रांगेच्या दिशेने लांबवर गेला तर ती अपुरी पडते. म्हणून तबकडी गोल न पुसता मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेषेत पुसावयाची असते. ग्रामोफोनची तबकडी पुसण्याच्या सवयीच्या हे नेमके उलट होते. शिवाय चकाकणारी बाजू जपणाऱ्यांना हे ठाऊक नसे की परावर्तक थर प्रत्यक्षात नाव छापलेल्या बाजूच्या अगदी लगत असतो आणि त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो.

हाताळणीचे स्वरूपही पालटले. संच सुरू करण्यापूर्वी ‘सीडी’ आणि ‘रेडिओ’ यांपैकी कोणत्या भागाला आवाज द्यावयाचा, हे एका कळीने ठरवावे लागे. त्यानंतर ‘प्ले’, ‘पॉज’, ‘स्किप’, ‘रिपीट’, ‘प्रोग्रॅम’ अशी इंग्रजी अक्षरांतील बटने होती आणि लहान पडद्यावर आकडा उमटे. गाण्याला आता क्रमांक प्राप्त झाला. हवे ते गाणे क्षणात ‘लावता’ येऊ लागले, ते कितीही वेळा पुन्हा ऐकता येऊ लागले, नको ते ओलांडता येऊ लागले. श्रोत्याच्या निवडस्वातंत्र्याचा हा कळस होता. परंतु वेष्टनावरील यादी हरवली की आकडा मुका होई, आणि इंग्रजी न वाचणाऱ्या व्यक्तीला घरातील शाळकरी मुलाच्या मदतीवाचून हे स्वातंत्र्य उपभोगता येत नसे. ट्रान्झिस्टरने ज्या हातांना सुई दिली होती, त्यांच्यापैकी काहींना तबकडीने पुन्हा परावलंबी केले. एमपी३ तबकड्यांनी या गुंतागुंतीत भर घातली. नेहमीच्या तबकडीवर ७४ ते ८० मिनिटांचा आवाज मावतो. एमपी३ स्वरूपात सुमारे दहा-बारा तासांचा. पण जुना संच ती तबकडी वाचूच शकत नसे, आणि बाहेरून दोन्ही तबकड्या सारख्याच दिसत.

मलकापूरसारख्या परिसरात या संचाच्या दोन भागांचे भवितव्य वेगवेगळे ठरणे स्वाभाविक होते. तबकडी फिरविणारी मोटार आणि लेसर यांना रेडिओच्या तुलनेत बरीच अधिक शक्ती लागते. सेलवर रेडिओ कित्येक आठवडे चालतो. त्याच सेलवर तबकडी काही तासच फिरते. त्यामुळे सीडीचा भाग व्यवहारतः विजेवर अवलंबून राहिला. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. त्यात पावसाळी दमटपणा आणि धूळ यांमुळे लेसरच्या भिंगावर थर बसणे, तबकडी ‘अडकणे’ हे प्रकार आलेच. याउलट रेडिओचा भाग अंधारातही चालू राहू शकत होता. आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्राचे १०२.७ मेगाहर्ट्झवरील एफएम प्रसारण १९९० च्या दशकातच सुरू झाले होते. २००५ च्या धोरणानंतर कोल्हापुरात ‘टोमॅटो एफएम’सारखी खासगी केंद्रेही आली. एफएम लहरी सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआडच्या वस्तीत त्या क्षीण होतात; म्हणून एरियल पूर्ण उघडून संच खिडकीशी किंवा उंचावर ठेवण्याची जुनी कसरत नव्या संचालाही चुकली नाही.

२०१० नंतर मोबाईल फोनने सीडीची जागा झपाट्याने घेतली. पेटीतील तबकडीचा भाग बंद पडला तरी रेडिओसाठी ती पेटी वापरात राहू शकली. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने जुन्या रेडिओच्या रूपातील, सुमारे ५,००० गाणी आधीच भरलेला ‘कारवाँ’ हा संच बाजारात आणला. त्याची मराठी आवृत्तीही पुढे निघाली. त्यात गोल चकती फिरविली की गाणी येतात आणि रेडिओही ऐकता येतो. निवडीचा कळस गाठल्यानंतर ग्राहकाने पुन्हा चकती फिरवून ‘लागेल ते’ ऐकण्यासाठी पैसे मोजले, ही घटना निवडस्वातंत्र्याच्या मर्यादेवर प्रकाश टाकते.

हरवलेले बटन

वरील विवेचनात एक बाब सहज नजरेआड होण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह रेडिओपासून सीडीपर्यंतचा प्रवास श्रोत्याच्या वाढत्या स्वातंत्र्याचा प्रवास म्हणून मांडला जातो. तो एका अर्थी बरोबर आहे. पण रेडिओ-टेपरेकॉर्डरची जागा रेडिओ-सीडी संचाने घेतली तेव्हा लाल खुणेचे बटन पेटीवरून नाहीसे झाले. सीडी प्लेअर आवाज देतो, घेत नाही. तबकडीवर आवाज उतरविण्यासाठी संगणक लागे, आणि तो त्या काळी बहुसंख्य ग्रामीण घरांत नव्हता. परिणामी ज्या काळात श्रोत्याला सर्वाधिक निवड मिळाली, त्याच काळात त्याच्या घरातील ध्वनिमुद्रणाची सोय संपली. ‘लावणे’ आले आणि ‘भरणे’ गेले. पुढे मोबाईलने ही सोय परत आणली खरी. तथापि मधल्या काळात वारलेल्या पिढीचा आवाज त्या पोकळीत गेला. जात्यावर प्रत्यक्ष दळलेल्या स्त्रियांची अखेरची पिढी याच काळात वृद्ध होत होती, हे ध्यानात घेता ही पोकळी किरकोळ मानता येत नाही.

जे भरले गेले होते त्याची स्थितीही चिंताजनक आहे. कॅसेटमधील फितीवर चुंबकीय लेप असतो. दमट हवेत तिच्यावर बुरशी येते, लेप सुटतो, फीत चिकटते. शाहूवाडीचे हवामान या दृष्टीने अत्यंत प्रतिकूल आहे. शिवाय कॅसेट वाजविणारी चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. फीत टिकली तरी ती वाचणारे साधन उरणार नाही, असा धोका त्यातून संभवतो.

निष्कर्ष

१. घरगुती श्रवणाचा इतिहास केवळ प्रसारणसंस्थांच्या नोंदींवरून लिहिता येत नाही. साधनाची घरातील जागा, त्याची कळ आणि ती दाबणारा हात यांचा विचार अनिवार्य आहे.

२. गाणे ‘लागण्या’च्या काळात श्रोत्याची निवड अल्प होती, पण समान वेळी समान आवाज ऐकण्यातून एक सामूहिक काळ निर्माण झाला होता. १९५६ चा श्रोतामंडळांचा प्रयोग हे त्याचे संघटित रूप होय.

३. साधन जितके अधिक पर्याय देते तितके ते सर्वांना सुलभ असतेच असे नाही. ट्रान्झिस्टर निरक्षर हातालाही वश होता. सीडी संचाने इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अखंड वीज यांची अट घातली.

४. रेडिओ-सीडी संचात रेडिओचा भाग कमी शक्तीवर, कमी देखभालीत चालणारा होता. डोंगराळ व भारनियमनग्रस्त परिसरात हा गुण निर्णायक ठरतो.

५. कॅसेटकडून सीडीकडे झालेल्या संक्रमणात घरातील ध्वनिमुद्रणाची क्षमता खंडित झाली. ही हानी अद्याप इतिहासलेखनात नोंदली गेलेली नाही.

यातून एक तातडीचे कर्तव्य समोर येते. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि पदार्थविज्ञान विभागांनी एकत्र येऊन परिसरातील घरांत पडून असलेल्या, हाताने भरलेल्या कॅसेट्स मालकांच्या संमतीने मिळवाव्यात. त्यांचे संगणकीय प्रतिरूप तयार करावे आणि कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते निमित्त याची नोंद ठेवून मूळ कॅसेट मालकास परत करावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक चालू टेपरेकॉर्डर, एक संगणक आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील काही विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. कॅसेटवर पेनाने लिहिलेली नावे ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच या नोंदी पूर्ण होऊ शकतील. म्हणून या कामास येत्या पावसाळ्यापूर्वीच हात घालणे इष्ट ठरेल.